‘येईल’ आणि ‘पाहिजेच’ : सी++ मधल्या एका कीवर्डचं प्रकरण

दुकानात ‘कार्डाने पैसे देता येतील’ अशी पाटी असली तर आपण खुशाल रोख पैसे काढतो. पाटीवर ‘कार्डानेच द्यावे लागतील’ असं असेल तर कार्ड घरी विसरलेला माणूस दारातूनच परत फिरतो. सवलत वेगळी, सक्ती वेगळी, आणि बोलताना आपण दोन्हींसाठी वेगळी रूपं वापरतो. सी++ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत २०११ साली कॉन्स्टएक्स्पर हा कीवर्ड, म्हणजे भाषेने राखून ठेवलेला शब्द, आला. हिशेब प्रोग्रॅम चालताना (रन-टाइमला) न होता आधीच, कंपायलर कोडचं यंत्रभाषेत रूपांतर म्हणजे कंपाइल करत असतानाच व्हावा, यासाठी तो आहे. व्हेरिएबलच्या आधी लिहिला की तो सक्ती करतो, फंक्शनच्या आधी लिहिला की नुसती सवलत देतो. शब्द तोच, अक्षरं तीच. या एका निर्णयातून पुढे आणखी दोन कीवर्ड, दोन नव्या धाटणीचे ‘इफ’ आणि लायब्ररीतलं एक चमत्कारिक फंक्शन जन्माला आलं.

स्वतःची लहानशी भाषा बनवू पाहणारे बरेच जण कंपाइल-टाइम फंक्शनच्या सिंटॅक्सपाशी येऊन अडतात. त्यांच्यासाठी मला हे प्रकरण सगळ्यात मोलाचं वाटतं. प्रत्येक पायरीवर काय ठरलं, का ठरलं आणि कुठे अडलं हे यात स्पष्ट दिसतं.

सोबतीला एक साधं उदाहरण ठेवतो: सीआरसी-३२ चा तक्ता. निरोप वाटेत बिघडला का, हे तपासायला ही पडताळणीची संख्या वापरतात. तिला २५६ नोंदींचा तक्ता लागतो आणि प्रत्येक नोंद काढायला आठ वेळा बिट सरकवावे लागतात, म्हणजे एकूण २,०४८ फेऱ्या. हा तक्ता कधीच बदलत नाही. मग प्रोग्रॅम चालू झाल्यावर तो दर वेळी नव्याने कशाला काढायचा? कंपायलरने एकदाच काढून १,०२४ बाइट तयार फाइलमध्ये ठेवले की काम झालं. मी हा तक्ता सी++ च्या तीन वेगवेगळ्या स्टँडर्डमध्ये (भाषेच्या अधिकृत नियमावलीच्या आवृत्त्या; सी++११, सी++१४ अशा नावांतला आकडा वर्षाचा) लिहिला आहे आणि तिन्ही वेळा त्याचं रूप वेगळं होतं.

गरज कुठून आली

सी++ मध्ये अ‍ॅरेचा आकार कंपाइल करतानाच ठाऊक असावा लागतो. पूर्णांकाच्या ‘इंट’ प्रकारात मावणारी सर्वांत मोठी संख्या देणारा जुन्या सी-पद्धतीचा इंट-मॅक्स हा मॅक्रो (कंपाइल होण्याआधी कोडमध्ये थेट मूल्य टाकणारं नाव) तिथे चालायचा. तेच मूल्य सी++ च्या लायब्ररीत ‘न्युमेरिक-लिमिट्स’च्या ‘मॅक्स’ या नीटनेटक्या फंक्शनातून मिळायचं, पण ते फंक्शन असल्यामुळे अ‍ॅरेच्या आकाराच्या जागी चालायचं नाही. सुरक्षित, नवी, शिकवण्याजोगी रीत कमी उपयोगाची आणि टाकाऊ म्हणून हिणवलेला मॅक्रो जास्त उपयोगाचा, अशी उलटी अवस्था होती.

कंपायलरकडून गणित करून घेण्याची एक चोरवाट मात्र सापडली होती. १९९४ साली सॅन डिएगोला स्टँडर्ड समितीची बैठक भरली होती. तिथे एर्विन उनरू यांनी एक प्रोग्रॅम दाखवला. तो कंपाइल होत नव्हता, पण त्याच्या एरर मेसेजमध्ये एकामागून एक मूळ संख्या छापल्या जात होत्या. टेम्प्लेट (ज्या साच्यातून कंपायलर वेगवेगळ्या टाइपसाठी कोड बनवतो तो) उलगडत जाताना कंपायलर नकळत हिशेब करत होता. पुढे पंधरा-सोळा वर्षं लोकांनी याच वाटेने कामं काढली. लूपऐवजी रिकर्शन, ‘इफ’ऐवजी टेम्प्लेटचं स्पेशलायझेशन, आणि एक स्वल्पविराम चुकला की पानभर एरर. साधं फॅक्टोरियल लिहायलाही वेगळी भाषा शिकल्यासारखं व्हायचं, आणि शिकलेलं दुसरीकडे कुठे उपयोगी पडायचं नाही.

एका रिटर्नचं फंक्शन

गॅब्रिएल डॉस रेइस यांनी २००३ मध्ये ‘सामान्यीकृत स्थिर पदावली’चा (स्थिर पदावली म्हणजे जिची किंमत कंपाइल करतानाच काढता येते ती) प्रस्ताव मांडला. पुढे त्यात सी++ चे जनक ब्यार्न स्ट्राउस्ट्रुपही आले, आणि बऱ्याच फेरफारांनंतर सी++११ मध्ये कॉन्स्टएक्स्पर दाखल झाला. त्यामागची भूमिका मला आजही पटते: नेहमीचं फंक्शन नेहमीच्या भाषेत लिहा, फक्त कपाळावर एक शब्द लावा, की ते कंपाइल करतानाही चालेल. वेगळी भाषा नाही, टेम्प्लेटची कसरत नाही.

पण अटी कडक होत्या. फंक्शनच्या पोटात जवळजवळ एकच रिटर्न चालायचा. लूप नाही, बदलणारा लोकल व्हेरिएबल नाही, साधा ‘इफ’सुद्धा नाही, फक्त प्रश्नचिन्ह आणि कोलनवाला त्रिपदी ऑपरेटर. अशा फंक्शनात कंपायलरला पदावली उलगडत जायची एवढंच काम असतं. सुरुवात लहान ठेवणं शहाणपणाचंच होतं. माझा तक्ता मात्र आठ फेऱ्यांसाठी स्वतःलाच बोलावणारं एक फंक्शन आणि २५६ नोंदी पसरवण्यासाठी टेम्प्लेटची करामत अशा जोडगोळीने उभा राहिला. तीन महिन्यांनी उघडला तेव्हा तो माझा मलाच वाचवेना.

सी++१४ मध्ये रिचर्ड स्मिथ यांच्या प्रस्तावाने या अटी सैल झाल्या. लूप आले, ‘इफ’ आला, लोकल व्हेरिएबलची किंमत बदलता येऊ लागली. तक्ता एका रात्रीत दोन साध्या लूपांवर आला. अडचण उरली ती लायब्ररीत. ‘स्टड-अ‍ॅरे’च्या चौकटी कंसाने मूल्य वाचता यायचं, पण कंपाइल करताना त्याच कंसाने मूल्य लिहायची परवानगी सी++१७ पर्यंत नव्हती. म्हणून मधल्या काळात कित्येकांनी आपापला छोटा अ‍ॅरे-स्ट्रक्ट बनवून ठेवला, मीही ठेवला. सिंटॅक्स मोकळा झाला तरी लायब्ररी मोकळी होईपर्यंत हातात फारसं काही पडत नाही, हे तेव्हा चांगलं कळलं.

आणखी एक खडा निघाला. सी++११ मध्ये क्लासच्या मेंबर फंक्शनला कॉन्स्टएक्स्पर लावलं की ते आपोआप ‘कॉन्स्ट’ही, म्हणजे आपल्या ऑब्जेक्टमध्ये काही न बदलणारं, व्हायचं. तेव्हा काहीच बदलता येत नव्हतं, त्यामुळे हे सोयीचं वाटलं. सी++१४ मध्ये बदल करायची मुभा मिळाली आणि हीच सोय आडवी आली. ती काढून टाकावी लागली, आणि तिच्या भरवशावर लिहिलेला कोड नव्या स्टँडर्डखाली कंपाइल होईना. पहिल्या आवृत्तीच्या तोकडेपणावर बेतलेला नियम पुढच्या आवृत्तीला कसा महाग पडतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

सवलत समजून सक्ती, सक्ती समजून सवलत

आता मूळ दुखण्याकडे येतो. ‘तक्ता_बनव’ हे फंक्शन कॉन्स्टएक्स्पर आहे असं धरा. दुसऱ्या एका फंक्शनच्या पोटात या दोन ओळी पाहा:

ऑटो तक्ता = तक्ता_बनव();

कॉन्स्टएक्स्पर ऑटो तक्ता = तक्ता_बनव();

दुसऱ्या ओळीत सक्ती आहे: हिशेब कंपाइल करतानाच झाला पाहिजे, नाही तर एरर. पहिल्या ओळीत कसलीच हमी नाही. ऑप्टिमायझरच्या (कोड वेगवान करणाऱ्या कंपायलरच्या भागाच्या) मनात आलं तर तो आधी हिशेब करून ठेवील, नाही तर प्रत्येक कॉलला २,०४८ फेऱ्या चालतील. फंक्शनवर तो शब्द बघून बहुतेक नवशिके धरून चालतात की काम आधीच झालेलं आहे. उत्तर बरोबर येतं, टेस्ट हिरव्या दिसतात, फक्त वेळ जातो. अशी चूक कोणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून ती मला फार वाईट वाटते.

ग्लोबल व्हेरिएबलची तऱ्हा आणखी निराळी. तिथे उजवी बाजू खरोखर स्थिर पदावली असेल तर मूल्य आधीच भरून ठेवलं जातं. पण कोणी आतल्या फंक्शनात न चालणारी एक गोष्ट घुसवली, तर काही न बोलता तो हिशेब प्रोग्रॅम सुरू होतानाच्या वेळेवर ढकलला जातो. मग वेगवेगळ्या फाइलींतल्या ग्लोबल व्हेरिएबलांपैकी आधी कोण तयार होणार, हा जुना घोळ पुन्हा दारात उभा. यावर उपाय म्हणून सी++२० मध्ये कॉन्स्टइनिट आला. तो एवढंच सांगतो: सुरुवातीची किंमत कंपाइल करतानाच ठरली पाहिजे, पुढे ती बदलली तरी चालेल.

सक्तीचा एक फायदा वेगळा सांगायला हवा. कंपाइल करताना चालणाऱ्या हिशेबात अ‍ॅरेच्या बाहेर हात गेला किंवा चिन्हयुक्त पूर्णांक ओसंडला तर कंपायलरने ते नाकारलंच पाहिजे, असा नियम आहे. एकदा माझ्या लूपमध्ये ‘पेक्षा लहान’च्या जागी ‘लहान किंवा समान’ पडलं. व्हेरिएबलवर कॉन्स्टएक्स्पर नव्हतं तोवर २५६ क्रमांकाच्या, म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या नोंदीवर बिनबोभाट लिहिलं जात होतं. शब्द लावला आणि कंपायलर नेमका त्याच ओळीवर थांबला, कितवी नोंद तेही सांगून.

सॅन डिएगोला पुन्हा एकदा

फंक्शन लिहिणाऱ्यालाच सक्ती करायची असेल तर? ‘हे फंक्शन फक्त कंपाइल करतानाच चालेल, रन-टाइमला त्याचा मागमूसही नको’ असं सांगायला सी++१७ पर्यंत शब्द नव्हता. २०१८ मध्ये रिचर्ड स्मिथ, अँड्र्यू सटन आणि डेव्हिड व्हॅन्डेव्होर्ड यांनी ‘तात्काळ फंक्शन’चा प्रस्ताव आणला. त्याच्या पहिल्या मसुद्यातली खूण पाहण्यासारखी आहे: कॉन्स्टएक्स्पर! जुनाच शब्द, शेवटी उद्गारचिन्ह. ‘येईल’चं ‘आलंच पाहिजे’ करायला आपण जसा ‘च’ जोडतो, तसंच ते चिन्ह. मला ती कल्पना मनापासून आवडली होती, कारण दोन गोष्टींचं नातं ती वाचताक्षणी दाखवत होती. पण उद्गारचिन्ह एवढंसं असतं आणि त्यावर अर्थाचा एवढा मोठा फरक टांगायचा, हेही धोक्याचंच. अखेर वेगळा शब्द ठरला, कॉन्स्टइव्हॅल, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये समितीने तो स्वीकारला. ही बैठकही सॅन डिएगोलाच होती, उनरूंच्या मूळ संख्यांनंतर चोवीस वर्षांनी.

‘मी आत्ता कुठे आहे?’

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट मान्य झाली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत शिकण्याजोगा भाग तोच. कॉन्स्टएक्स्पर फंक्शन दोन्हीकडे चालतं, तर कधीकधी त्याला विचारावं लागतं: मी आत्ता कंपायलरच्या पोटात आहे की प्रोसेसरवर? अक्षरमाळेची लांबी मोजणारं फंक्शन घ्या. प्रोसेसरवर एका दमात सोळा-बत्तीस बाइट तपासणाऱ्या खास सूचना वापरता येतात, पण कंपायलर त्या चालवू शकत नाही, तिथे साधा लूप हवा. यासाठी लायब्ररीत इज-कॉन्स्टंट-इव्हॅल्युएटेड हे फंक्शन आलं. कंपाइल करताना ते ‘खरं’ म्हणतं, रन-टाइमला ‘खोटं’.

आता सी++१७ मध्ये इफ-कॉन्स्टएक्स्पर नावाचा एक ‘इफ’ आधीच आला होता. त्याची अट कंपाइल करतानाच तपासली जाते, आणि टेम्प्लेटमध्ये न लागणारी फांदी सरळ गळून पडते. साहजिकच प्रत्येकाच्या मनात हीच जोडी जुळते: कंपाइल-टाइमचा प्रश्न, मग कंपाइल-टाइमचाच ‘इफ’. लोकांनी तसं लिहिलं आणि ते चुकीचं ठरलं. इफ-कॉन्स्टएक्स्परची अट नेहमी कंपाइल करतानाच तपासली जाते, म्हणून आतल्या प्रश्नाचं उत्तर नेहमीच ‘खरं’. प्रोग्रॅम प्रोसेसरवर चालत असतानाही साधा, मंद लूपच चालतो आणि वेगवान फांदी कायमची मेलेली असते. इथेही उत्तर बरोबरच येतं. जीसीसी या कंपायलरला नंतर या जोडीसाठी खास इशारा द्यावा लागला.

साधा ‘इफ’ वापरला तर ही चूक टळते, पण दुसरी अडचण येते. त्याच्या ‘खऱ्या’ फांदीत आपलं पॅरामीटर देऊन एखादं कॉन्स्टइव्हॅल फंक्शन बोलवायला जा, कंपायलर नाही म्हणतो. ती फांदी फक्त कंपाइल करतानाच धावणार हे आपल्याला कळतं, पण भाषेच्या लेखी तो एक साधा ‘इफ’ असतो आणि पॅरामीटर काही स्थिर मूल्य नसतं.

म्हणून सी++२३ मध्ये इफ-कॉन्स्टइव्हॅल आला. त्याला अट नाही, गोल कंस नाहीत, महिरपी कंस सक्तीचे, आणि उलट विचारायचं तर मध्ये नकाराचं चिन्ह. फंक्शनच्या रूपात विचारलेला प्रश्न व्याकरणात आल्याबरोबर दोन्ही अडचणी गेल्या. या पायरीवरून मी एक गोष्ट पक्की धरली आहे: ज्या प्रश्नाचं उत्तर तो कुठे विचारला यावर बदलतं, त्याला सामान्य फंक्शनचं रूप देऊ नये. वाचणारा त्याला इतर फंक्शनांसारखंच उचलून कुठेही ठेवणार, त्यात त्याचा दोष नाही.

इतरांनी काय केलं

डी भाषेत वॉल्टर ब्राइट यांनी २००७ च्या सुमारास फंक्शनवर कुठलीच खूण न लावता हे साधलं. जिथे स्थिर मूल्यच लागतं तिथे फंक्शन बोलावलं, की कंपायलर ते चालवून पाहतो. लिहायला मोकळं. पण हमी कोणाची? लायब्ररीवाल्याने आतला कोड बदलला आणि तो कंपाइल करताना चालेनासा झाला, तर एरर वापरणाऱ्याच्या घरी फुटते.

अँड्र्यू केली यांच्या झिगमध्ये शब्द आहे, कॉम्प्टाइम, पण तो फंक्शनच्या कपाळावर नसतो. तो पॅरामीटरवर किंवा बोलावण्याच्या जागी लागतो. सक्ती बोलावणारा करतो. प्रकार म्हणजे टाइपसुद्धा तिथे मूल्यच असल्यामुळे ‘अ‍ॅरेलिस्ट’ हे टाइप घेऊन टाइप परत देणारं सरळसरळ फंक्शन आहे, जेनेरिकसाठी वेगळा सिंटॅक्स लागतच नाही. हिशेब अनंत चालू नये म्हणून मागे उडी मारण्याची (लूपच्या दर फेरीला अशी एक) मर्यादा मुळात १,००० ठेवली आहे, जास्त हवी तर कोडमध्येच मागायची. माझा २,०४८ फेऱ्यांचा तक्ता तिथे ही परवानगी मागितल्याशिवाय होत नाही. जीसीसीमध्ये एका लूपची मर्यादा २,६२,१४४ फेऱ्यांची आहे, तिथे तो सहज बसतो.

रस्टने सी++ सारखीच फंक्शनवर खूण लावली, कॉन्स्ट-एफएन. डिसेंबर २०१८ च्या १.३१ आवृत्तीत ती अगदी तोकड्या रूपात आली, लूप ऑगस्ट २०२० मध्ये १.४६ ला. पण तिथे कंपायलर फंक्शनचं पोट तपासतो, आत बोलावलेलं प्रत्येक फंक्शनही त्याच खुणेचं लागतं. म्हणजे सवलत ही खरीखुरी हमी असते. सक्तीसाठी जून २०२४ पासून कॉन्स्ट-ब्लॉक आहे, तो बोलावण्याच्या जागी लागतो. आणि ‘मी आत्ता कुठे आहे’ हा प्रश्न रस्टने सगळ्यांच्या हाती दिलेला नाही, तशी सोय त्यांची स्वतःची लायब्ररी आतल्या आत वापरते. दोन्हीकडे वर्तन सारखंच राहावं हा त्यामागचा आग्रह मला योग्य वाटतो.

शब्द झिजतो कसा

सी++ मधली हमी मात्र हळूहळू पातळ झाली. कॉन्स्टएक्स्पर म्हणवणारं फंक्शन निदान एका तरी इनपुटसाठी कंपाइल करताना चालावं, अशी अट होती. सी++२३ ने तीही काढली. सी++१७ पासून लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेली बिननावाची फंक्शनं) शक्य असेल तर आपोआप कॉन्स्टएक्स्पर धरले जातात. जीसीसी १२ मध्ये इनलाइन फंक्शनांनाही तसंच धरायला लावणारा पर्याय आला. ज्या शब्दाचं समर्थन ‘हा लेखकाने दिलेला करार आहे’ असं केलं जायचं, तो आता बऱ्याच ठिकाणी सवयीने लावला जातो.

कॉन्स्टइव्हॅलच्या बाबतीत तर ताण उलट्या बाजूने आला. असं फंक्शन एखाद्या साध्या अल्गोरिदमला चाळणी म्हणून द्यायला गेलं की चालायचं नाही, कारण मधला अल्गोरिदम नुसता कॉन्स्टएक्स्पर. बॅरी रेव्हझिन यांच्या प्रस्तावानंतर नियम बदलला: टेम्प्लेटमधून बनलेल्या फंक्शनाच्या किंवा लॅम्डाच्या पोटात अशी गोष्ट असेल तर कंपायलरच त्याला गुपचूप कॉन्स्टइव्हॅल करतो. म्हणजे शब्द लिहिलेला नाही, तरी सक्ती लागू. २०२५ च्या जूनमध्ये सोफियाच्या बैठकीत सी++२६ साठी रिफ्लेक्शन (कोडला स्वतःच्याच रचनेची माहिती विचारता येण्याची सोय) मंजूर झालं. त्यातली फंक्शनं जवळजवळ सगळी कॉन्स्टइव्हॅल आहेत, हा नियम नसता तर ती वापरणं जिकिरीचं झालं असतं.

माझ्या तक्त्याचं शेवटी काय केलं? फंक्शन कॉन्स्टइव्हॅल करायचा मोह झाला होता, कारण तक्ता रन-टाइमला कधीच लागत नाही. तसं करूनही पाहिलं. मग पॉलिनॉमियल (ज्या ठरावीक संख्येवरून तक्ता काढतात ती) बदलायची वेळ आली, एक नोंद चुकीची येऊ लागली, आणि फंक्शनच्या आत डीबगर घेऊन उतरता येईना, कारण तयार प्रोग्रॅममध्ये ते फंक्शन उरलंच नव्हतं. मी ते परत कॉन्स्टएक्स्पर केलं. आता टेस्टमध्ये ते साध्या फंक्शनसारखं ओळीओळीने चालवता येतं, आणि खऱ्या कोडमध्ये सक्तीचा शब्द तक्त्याच्या व्हेरिएबलवर असतो. सवलत फंक्शनपाशी, सक्ती वापराच्या जागी. माझ्या टीममध्ये कोणी व्हेरिएबलवरचा तो शब्द विसरलं तर रिव्ह्यूमध्ये मी आजही तिथेच बोट ठेवतो.